हात मिळवायला लावून छळ थांबत नाही

प्रश्न शहादा तालुक्यातल्या एका वर्गशिक्षिकेचा आहे. थोडक्यात असा: आठवीच्या वर्गात धडगावकडचा एक पावरा आदिवासी मुलगा आहे, वसतिगृहात राहतो. त्याच्या मराठीची नक्कल होते, ‘डोंगऱ्या’ म्हणून हाक पडते, वही लपवली जाते, मधल्या सुट्टीत त्याला कुणी खेळात घेत नाही. बाई वर्गाला रागावल्या, पुढाकार घेणाऱ्या दोघांना त्याच्याशी हात मिळवायला लावला, मुख्याध्यापकांनी पालकांना बोलावून घेतलं. आठवडाभर शांतता, मग पुन्हा तेच. आता मुलालाच समुपदेशनासाठी पाठवावं असं शाळेत घाटतंय. मानसशास्त्राकडे यावर खरंच काही आहे का, की समाज बदलल्याशिवाय हे जाणारच नाही, असं त्यांनी विचारलंय.

मॅडम, मुलाला पाठवायच्या आधी थोडं थांबा. त्याची झोप उडाली असेल, जेवण सुटलं असेल, ‘मेलेलं बरं’ असं काही तोंडून निघालं असेल तर मात्र थांबू नका, आजच दाखवा. त्याबद्दल पुढे लिहिते. पण वर्गातला त्रास बंद व्हावा म्हणून त्याला पाठवणार असाल, तर पन्नास मुलं त्याला तासातून उठून जाताना पाहतील आणि त्यातून एकच अर्थ काढतील: बिघाड याच्यात आहे, शाळेलाही तसंच वाटतं. मी धुळ्यात मुलांचं समुपदेशन करते. अशी मुलं माझ्याकडे येतात, बोलतात, रडतात, त्यांना जरा बरंही वाटतं. सोमवारी ती पुन्हा त्याच वर्गात जाऊन बसतात.

आणि मानसशास्त्र की समाजबदल, असे दोन वेगळे रस्ते मला दिसत नाहीत. वर्गात छळ ज्या कारणाने टिकतो, त्याच कारणाने गावातला अन्यायही टिकतो. तो थांबतोही एकाच रीतीने. याचं उदाहरण तुमच्याच तालुक्यात आहे, त्यावर येतेच.

आधी हात मिळवण्याचं बघू. शाळेतल्या छळाचा पद्धतशीर अभ्यास १९७० च्या दशकात डॅन ऑल्व्हेउस या स्कँडिनेव्हियन मानसशास्त्रज्ञाने सुरू केला. १९८२ च्या अखेरीस उत्तर नॉर्वेतल्या तीन मुलांनी जीव दिला; सोबत्यांचा छळ हेच कारण असावं असं पुढे आलं, देश हादरला, आणि १९८३ मध्ये तिथे सगळ्या शाळांसाठी मोहीम निघाली. ऑल्व्हेउस यांनी छळाच्या तीन खुणा सांगितल्या. त्रास मुद्दाम दिलेला असतो, तो पुन्हा पुन्हा होतो, आणि दोन बाजूंच्या ताकदीत एवढा फरक असतो की सोसणाऱ्याला स्वतःची सोडवणूक करता येत नाही. शाळेत नेमकी ही तिसरी खूण नजरेतून सुटते. बरोबरीच्या दोघांचं भांडण झालं तर मध्यस्थी करावी, दोघांचं ऐकावं, हात मिळवायला लावावा, सगळं योग्य. छळात ती बरोबरीच नसते. तिथे ‘दोघांनी एकमेकांना सॉरी म्हणा’ म्हटलं की ज्याची काही चूक नाही त्यालाही अर्धी चूक पदरात घ्यावी लागते, आणि बाहेर पडल्यावर ‘बाईंना सांगितलंस ना’ याचा हिशोब वेगळा चुकवावा लागतो. मिटवामिटवी आपल्याकडे फार आवडीची. पंचायतीपासून स्टाफरूमपर्यंत सगळीकडे चालते, आणि बहुतेक वेळा ती दुबळ्याच्याच अंगावर मिटते.

ताकदीचा हा फरक वर्गात आला कुठून, हेही पाहा. शहाद्याच्या बाजूला ऊस, केळी, पपई. वर्गातल्या काही मुलांच्या शेतात डोंगरातली माणसं मजुरीला येतात, कुणाच्या घरी सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, असतो. सालदाराला वडील ज्या आवाजात हाक मारतात तो आवाज मुलगा लहानपणापासून ऐकतो, आणि वर्गात त्याच आवाजात ‘ए डोंगऱ्या’ म्हणतो. त्याला कुणी द्वेष शिकवलेला नसतो. घरातली सवय तो वर्गात वापरतो, इतकंच. म्हणून पालकांना बोलावल्यावर वडील खरोखर बुचकळ्यात पडतात: ‘अहो मॅडम, पोरं आहेत, गंमत करतात.’ त्यांच्या लेखी ती गंमतच असते.

आता मुख्य मुद्दा. वर्गात छळ करणारे दोघं-तिघं, सोसणारा एक. उरलेले पंचेचाळीस काय करतात? फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठाच्या क्रिस्टिना साल्मिवाली यांनी १९९६ मध्ये याचीच फोड केली. काही जण साथीदार असतात, वही लपवायला मदत करतात. काही हसतात, शिट्टी मारतात, म्हणजे छळाला खतपाणी घालतात. काही बाजूला उभे राहतात, बघत नसल्यासारखे. फार थोडे त्या मुलाच्या बाजूने बोलतात. छळ करणाऱ्याला हवा असतो वर्गातला मान, आणि तो मान हसणारे देतात, गप्प बसणारेही देतात. छळ करणाऱ्या मुलांना आतून न्यूनगंड असतो, असं सिनेमात दाखवतात. संशोधनात तसं सहसा आढळत नाही. बरीचशी मुलं वर्गात वजनदार, बोलकी, खेळात पुढे असलेली असतात. म्हणून त्यांचा आत्मविश्वास वाढवण्याचे उपाय फारसे लागू पडत नाहीत, तो आधीच पुरेसा असतो!

कॅनडात टोरंटोच्या शाळांमध्ये मैदानावर मुलांचं चित्रीकरण करून २००१ मध्ये एक निरीक्षण प्रसिद्ध झालं. छळाच्या ८८ टक्के प्रसंगांत इतर मुलं हजर होती. त्यांनी मध्ये पडण्याचं प्रमाण १९ टक्के. पण ती मध्ये पडली तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा, ५७ टक्के, छळ १० सेकंदांच्या आत थांबला. बाईंना स्टाफरूममधून व्हरांड्यात यायलाही याहून जास्त वेळ लागतो.

मग मुलं मध्ये का पडत नाहीत? आपण म्हणतो, आजकालच्या मुलांना संवेदनाच नाहीत. माझा अनुभव तसा नाही, आणि सामाजिक मानसशास्त्रही तसं म्हणत नाही. प्रत्येकाला मनातून ते खटकत असतं, पण बाकीचे हसताना दिसतात, म्हणून प्रत्येक जण समजतो की खटकणारा मी एकटाच. तोही मग हसतो. त्याचं हसू बघून शेजारचा तसंच समजतो. अशा रीतीने कुणालाच न आवडणारी गोष्ट सगळ्यांना आवडते असं दिसू लागतं. गावात लग्नात वारेमाप खर्च करणाऱ्या प्रत्येक बापाला विचारा. मला नको होतं, पण लोक काय म्हणतील, हेच ऐकू येईल. आणि ते ‘लोक’ म्हणजे असेच दुसरे बाप.

हा गैरसमज फोडता येतो. तो फोडायला तुम्हाला ना समुपदेशक लागतो ना निधी. वर्गात चिठ्ठ्या वाटा. नाव नको, अक्षरसुद्धा नको, कारण बाई अक्षर ओळखतात हे मुलांना पक्कं माहीत असतं. नुसत्या फुल्या मारायला सांगा. दोन प्रश्न पुरेत. एक: कुणाला बोलण्यावरून, गावावरून, जातीवरून चिडवलेलं तुला स्वतःला आवडतं का? दुसरा: वर्गातल्या किती मुलांना ते आवडत असेल असं तुला वाटतं, थोड्या, निम्म्या की जवळपास सगळ्या? त्या मुलाचं नाव किंवा प्रसंग कुठेही येऊ देऊ नका. चिठ्ठ्या घरी नेऊन मोजा. बहुतेक वर्गांत पहिल्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणारे पुष्कळ निघतात आणि दुसऱ्याला ‘निम्म्या’, ‘सगळ्या’ म्हणणारेही पुष्कळ. ही तफावत दुसऱ्या दिवशी फळ्यावर मांडा आणि भाषण करू नका. मुलं आकडे बघून आपसात काय कुजबुजतात ते ऐका. क्वचित एखाद्या वर्गात खरोखरच बहुतेकांनी ‘आवडतं’ लिहिलेलं निघतं. तसं निघालं तर फळ्यावर काहीही लिहू नका, नाहीतर उलटाच संदेश जाईल. तिथे काम वेगळ्या टोकापासून सुरू करावं लागतं.

पुढची पायरी माणसं निवडण्याची, आणि इथे बहुतेक शाळा मॉनिटरला हाक मारतात. मॉनिटर आपल्याला आवडतो म्हणून मॉनिटर असतो. वर्गाची नजर त्याच्यावर असतेच असं नाही. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ५६ माध्यमिक शाळांमध्ये एलिझाबेथ लेव्ही पालुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला, तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी मुलांनाच विचारलं की तुम्ही कुणाबरोबर वेळ घालवता. ज्यांच्याकडे जास्त मुलांचं लक्ष असतं अशी मुलं त्यातून कळली. प्रयोगासाठी निवडलेल्या मुलांच्या गटांत अशी मुलंही होती. आपल्या शाळेत काय खुपतं ते या गटांनी स्वतःच ठरवलं, पोस्टर त्यांनीच केली, चांगलं वागताना दिसलेल्या सोबत्याच्या हातात नारिंगी पट्टी त्यांनीच बांधली. वर्षभरात अशा शाळांमध्ये मुलांच्या भांडणांच्या शिस्तभंगाच्या नोंदी ३० टक्क्यांनी कमी झाल्या, आणि गटात वर्गाची नजर ओढणारी मुलं जितकी जास्त तितका परिणाम मोठा.

तुमच्या वर्गातही प्रत्येकाकडून तीन नावं लिहून घ्या: मधल्या सुट्टीत कोणाबरोबर असतोस? जी नावं पुन्हा पुन्हा येतील त्यांत कदाचित कबड्डीतला चढाई करणारा असेल, रील बनवणारी मुलगी असेल, आणि दचकू नका, त्या दोघांपैकी एक दादाही असेल. त्यालाही घ्या. पुढारपण त्याच्याकडे आहेच, ते दुसऱ्या कामाला लागू द्या. त्यांना नैतिक धडे देऊ नका. ‘आपल्या वर्गात नवीन आलेल्याला सगळ्यात वाईट काय वाटत असेल?’ एवढं विचारा आणि त्यांनाच करू द्या. पोस्टरवर शुद्धलेखनाच्या चुका राहिल्या तरी राहू द्या.

आता आपल्या स्वतःच्या वागण्याकडे येते, म्हणजे मोठ्यांच्या. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण वर्गात काय चालतं हे मुलं आपल्याकडे बघूनच ठरवतात.

उत्तर प्रदेशात कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन संशोधकांनी सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरचे भुलभुलैये सोडवायला दिले, सोडवतील त्याप्रमाणे पैसे. मुलांना एकमेकांची जात माहीत नसताना वरच्या आणि खालच्या मानलेल्या जातींची मुलं सारखीच चमकली. मग दुसऱ्या गटांमध्ये कोडी देण्याआधी प्रत्येकाचं नाव, गाव आणि जात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली. बस, एवढंच केलं. खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांची कामगिरी घसरली. कोडी तीच, डोकी तीच. आता आपल्या वर्गातलं आठवा. शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे असतात, घाई असते, लिपिक दारातून ओरडतो: ‘एसटीवाले उभे राहा, बँक पासबुक आणलं का?’ वर्षातून किती वेळा? गणवेश, सायकल, दाखला, आधार जोडणी. दरवेळी तीच मुलं उभी राहतात आणि बाकीचा वर्ग बघतो. यात कुणाचा वाईट हेतू नसतो. पण कोण कोण आहे ही यादी शाळेनेच वर्गाला पाठ करून दिलेली असते. यादी ऑफिसात लावा, मुलांना एकेकटं बोलवा, किंवा चिठ्ठी द्या. यासाठी कुठल्या शासन निर्णयाची वाट बघायला नको.

तसंच शिक्षकांच्या विनोदांचं. एखाद्या मुलाने ‘शाळा’ऐवजी ‘शाया’ म्हटलं, सर हसले, वर्ग हसला. अहिराणी बोलणाऱ्यांना पुण्या-नाशिकच्या कॉलेजात जे सोसावं लागतं तेच अहिराणी बोलणारा वर्ग इथे पावरी बोलणाऱ्याला देतो, आणि त्याचा परवाना बऱ्याचदा फळ्यासमोरून मिळालेला असतो. शिक्षण हक्क कायद्याच्या, म्हणजे २००९ च्या कायद्याच्या, कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी केली आहे. छडी आपण बऱ्यापैकी सोडली. टोपणनावं सोडलेली नाहीत.

‘शिकून मोठा झाला की आपोआप थांबेल’ हाही एक लाडका दिलासा. आपल्या जळगावची डॉ. पायल तडवी, आदिवासी तडवी भिल्ल समाजातली, एमबीबीएस होऊन मुंबईत स्त्रीरोगशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ रोजी तिने जीव दिला. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळ केल्याची तक्रार तिच्या घरच्यांनी केली, तिची आई सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. आरोपांचा निकाल न्यायालय देईल, त्यावर मी बोलणार नाही. मला एवढंच दिसतं की पदवीने तिच्याभोवती काही कवच उभं केलं नव्हतं. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे, विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम २००९ पासून आहेत. कॉलेजात पोहोचलेली मुलं आठवीत काय शिकून येतात हे मात्र आठवीतच ठरतं.

पुढचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण मनात असेलच: सगळ्यांना मिसळून बसवलं तर? नुसतं बसवून भागत नाही. माणसं जवळ आली की पूर्वग्रह जातो, पण त्याला अटी आहेत, हे गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच मांडलं: दोघांचा दर्जा त्या प्रसंगापुरता तरी सारखा हवा, ध्येय एक हवं, ते मिळवायला एकमेकांची गरज पडायला हवी, आणि वरच्यांचा पाठिंबा दिसायला हवा. उत्तर प्रदेशातच मॅट लो या अर्थशास्त्रज्ञाने २०१७ मध्ये तरुणांच्या क्रिकेट स्पर्धा घेतल्या. मिश्र जातींच्या एकाच संघात खेळलेल्यांच्या जातीबाहेरच्या मैत्र्या वाढल्या. दुसऱ्या जातीच्या खेळाडूंशी विरोधात खेळणाऱ्यांच्या बाबतीत परिणाम उलटा झाला. म्हणजे ‘वसतिगृह विरुद्ध गाव’ अशी कबड्डीची मॅच लावणारे क्रीडाशिक्षक न कळत आगीत तेल ओततात. संघ मिसळा, बक्षीस संघाला द्या.

वर्गात एलियट अॅरन्सन यांची युक्ती वापरा. १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा एकत्र केल्यावर वर्गात मारामाऱ्या होत होत्या, तेव्हा त्यांनी ती काढली. धड्याचे पाच भाग करायचे, पाच मुलांचा गट, प्रत्येकाकडे एकच भाग. तो त्याने इतरांना शिकवायचा. परीक्षा मात्र सगळ्या धड्यावर. त्या मुलाचं बोलणं अडखळलं तरी बाकीच्या चौघांना त्याच्याकडून ते काढून घ्यावंच लागतं, हसून चालत नाही. भूगोलात हे फार छान जमतं. नर्मदा, सातपुडा, तोरणमाळचं पठार, हे त्याच्या गटात आणि त्याच्या वाट्याला येईल असं बघा. तिथे तो पाठ्यपुस्तकापेक्षा जास्त सांगू शकेल. पण एक पथ्य पाळा. ९ ऑगस्टला आदिवासी दिनी त्याला पागोटं बांधून नाचायला उभं करायचं आणि बाकी वर्षभर मागच्या बाकावर, याने उलट तो ‘वेगळा’ असल्यावर शिक्का बसतो.

आता त्या दोघांचं. त्यांना सगळ्यांसमोर झापलं की वर्गासमोर त्यांची मर्दुमकी वाढते. स्वीडनचे अनातोल पिकास यांनी एक पद्धत सांगितली आहे, ती मला खानदेशातल्या शाळांत चालताना दिसली आहे. मुलांना एकेकटं बोलवा, एकाच तासिकेत एकामागून एक, म्हणजे आपसात ठरवायला वेळ मिळत नाही. आरोप करू नका. ‘अमुकचे दिवस सध्या वाईट चाललेत असं मला दिसतंय. तुला काय दिसलं?’ इथून सुरुवात. तो नजर टाळेल, ‘तोच असा वागतो’ म्हणेल. वाद घालू नका. ‘म्हणजे त्याचं बरं चाललेलं नाही हे तुलाही दिसतंय. मग तू काय करू शकतोस?’ असं विचारा आणि गप्प राहा. ही शांतता लांबते, लांबू द्या. ‘मी त्याला काही बोलणार नाही’ एवढंही पुरे. आठवड्याने पुन्हा बोलवा आणि विचारा, झालं का. हा दुसरा फेरा न चुकता घ्यावा लागतो. बरेच जण पहिल्या फेऱ्यावरच समाधान मानतात. मात्र मारहाण, लैंगिक प्रकार, पैसे उकळणं किंवा जातिवाचक शिवीगाळ असेल तर ही पद्धत वापरायची नाही. तिथे लेखी नोंद, मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समिती आणि कायद्याचा रस्ता. मोबाइलवर फोटोचं स्टिकर करून फिरवलं असेल तर डिलीट करायला लावण्याआधी स्क्रीनशॉट काढून ठेवा.

आता शहाद्याचं उदाहरण. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अंबरसिंग सुरतवंती या भिल्ल कार्यकर्त्याच्या पुढाकाराने आणि १९७२ पासून श्रमिक संघटनेच्या रूपात इथले आदिवासी मजुरी आणि गेलेल्या जमिनींसाठी उभे राहिले. त्यात बायका उतरल्या आणि त्यांनी दारूचा आणि नवऱ्यांच्या मारहाणीचा प्रश्न हाती घेतला. एकेका गावात जमून दारूची मडकी फोडली, बायकोला मारणाऱ्याच्या दारात जाऊन जाब विचारला. मानसशास्त्रज्ञ म्हणून मी याकडे बघते तेव्हा मला काय दिसतं? मारहाण आधीही सगळ्यांना माहीत होती, शेजारणीला भिंतीपलीकडून ऐकू येत होती, आणि ती गप्प होती, कारण बाकी सगळ्या गप्प होत्या. दहा जणी दारात उभ्या राहिल्या तेव्हा नवऱ्यांची मनं एका रात्रीत बदलली नसतील. बदललं ते एवढंच की आता हे चालणार नाही हे सगळ्यांना एकाच वेळी कळलं, आणि सगळ्यांना कळलंय हेही सगळ्यांना कळलं. तुमच्या फळ्यावरचे आकडे छोट्या प्रमाणात हेच करतात.

याच उदाहरणात मानसशास्त्राची मर्यादाही आहे. त्या बायका आधी मजुरीच्या आणि जमिनीच्या लढ्यात एकत्र आल्या होत्या; ती ताकद हातात आली म्हणून दारापर्यंत जाता आलं. केवळ मनोबल वाढवून कुणी तिथे पोहोचलं नसतं. म्हणून एखादी संस्था शाळेत येऊन त्या मुलासाठी ‘ताण कसा सहन करावा’ अशी कार्यशाळा घेणार असेल, तर मी नको म्हणेन. अन्याय सोसण्याचं प्रशिक्षण देण्यासाठी माझा विषय वापरला जाऊ नये. याउलट लेखी नियमाला कमी लेखू नका. अमेरिकेत २०१५ मध्ये समलिंगी विवाहाला सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली, त्याच्या आधी आणि नंतर लोकांची मतं मोजली गेली. लोकांचं स्वतःचं मत निकालाने लगेच हललं नाही, पण ‘बाकीच्यांना आता हे मान्य आहे’ ही समजूत मात्र हलली. शाळेच्या दर्शनी भागात ‘इथे जातीवरून, बोलीवरून, दिसण्यावरून चिडवलेलं चालत नाही, आणि झालं तर अमुक होईल’ असं लिहिलेलं असणं, पालकसभेत ते वाचून दाखवणं, याला अर्थ आहे. वाचताना त्या दोन मुलांचे वडील सभेत असतील तर आणखी बरं.

त्या मुलाशी काय बोलायचं? ‘दुर्लक्ष कर’ असं सांगू नका. ते तो तुमच्याआधीपासून करतोय. ‘तू पण दे की ठेवून’ हे तर मुळीच नको. त्याला विचारा की कोणती वेळ सगळ्यात वाईट असते. उत्तरं नेमकी येतात: पोषण आहाराची रांग, संडासाकडचा कोपरा, शनिवारची एसटी, पीटीचा तास. त्या जागी त्या वेळी मोठं माणूस उभं राहील अशी व्यवस्था करा. जगभरच्या शाळांतल्या कार्यक्रमांचा एकत्रित आढावा मारिया टोफी आणि डेव्हिड फॅरिंग्टन यांनी २०११ मध्ये घेतला. मैदानावरची देखरेख आणि पालकांच्या बैठका या दोन साध्या गोष्टी तिथे परिणामकारक ठरल्या, आणि मुलांनाच मध्यस्थ नेमण्याचे प्रकार बऱ्याचदा उलटले. म्हणूनच मी वर ज्या मुलांच्या गटाबद्दल लिहिलं, त्यांना न्यायनिवाडा करायला बसवू नका. त्यांचं काम वातावरण बदलण्याचं आहे.

आणि एक मित्र. दहा नकोत. ज्याला एक खरा सोबती आहे त्याच्यावर छळाचा घाव कमी बसतो. तो वर्गातलाच हवा असं नाही. वरच्या वर्गातला गाववाला चालेल, एसटीतला चालेल.

झोप, जेवण, सारखं पोट दुखणं, सोमवारी सकाळी उलट्या, हातावर ओरखडे, वस्तू वाटून टाकणं, असं काही दिसलं तर त्याला सरळ विचारा: ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडू नका, घरच्यांना कळवा, जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात न्या. १४४१६ हा टेलि-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, क्रमांक दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहेच.

वसतिगृहाचा भाग तुमच्या हातात नाही, पण तिथल्या अधीक्षकांशी बोला, कारण शाळा पाचला सुटते आणि वसतिगृहात रात्र असते. दिवे गेल्यावर, आंघोळीच्या रांगेत, घरून आलेल्या खाऊच्या पिशवीवरून काय होतं ते त्यांनाच ठाऊक असतं. अमळनेरला प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी १९२४ ते १९३० शिक्षक होते आणि छात्रालय सांभाळत, तेव्हा ते मुलांसाठी हाताने लिहिलेलं ‘छात्रालय दैनिक’ काढायचे. आज एका अधीक्षकाकडे शंभरावर मुलं आणि पाठीमागे रजिस्टरांचा ढीग असतो, त्यांच्याकडून तेवढी अपेक्षा करणं अन्यायाचं होईल. पण रात्रीच्या हजेरीनंतर पंधरा मिनिटं खोल्यांतून फिरणं आणि मोठ्या मुलांच्या खोलीत लहानाला न टाकणं, एवढं जमण्यासारखं आहे.

किती फरक पडेल? ऑल्व्हेउस यांच्या नॉर्वेतल्या बर्गेन शहरातल्या पहिल्या कामात छळ निम्म्याच्या आसपास घटला होता. टोफी-फॅरिंग्टन यांच्या आढाव्यात ठिकठिकाणची सरासरी घट २० ते २३ टक्के होती. म्हणजे संपूर्ण बंद होईल असं मी म्हणत नाही. त्याच चिठ्ठ्या, त्याच दोन प्रश्नांच्या, दिवाळीच्या सुट्टीआधी एकदा आणि वार्षिक परीक्षेआधी एकदा पुन्हा घ्या. तुमच्या वर्गाचा आकडा तुम्हालाच कळेल. मधल्या काळात एखादा आठवडा पुन्हा बिघडेल, बहुधा कुणी नवीन मुलगा वर्गात आल्यावर किंवा गावात निवडणूक लागल्यावर. तेव्हा पिकास यांचा फेरा पुन्हा घ्यायचा.

पहिल्या आठवड्यात फक्त चिठ्ठ्या आणि शिष्यवृत्तीच्या यादीचं करा, बाकीचं नंतर. त्याची बाकावरची जागा बदलायचा विचार असेल तर बदलण्याआधी त्याला विचारा.